दूतावासातून अध्यासनाकडे



विद्यापीठात शिकवणारी माणसे बहुधा संशोधनाच्या वाटेने येतात. पदव्युत्तर शिक्षण, प्रबंध आणि त्यानंतर अध्यापन हा त्यांचा क्रम असतो. थोडी माणसे मात्र आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्याच एखाद्या कामात घालवून, त्या कामातून निवृत्त झाल्यावर वर्गात येतात, आणि त्यांच्यात व्यावसायिक राजनयिकाचे स्थान वेगळे आहे. राजनय म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधील व्यवहार वाटाघाटी, प्रतिनिधित्व आणि वृत्तांतलेखन यांच्या द्वारे चालवण्याची विद्या. आणि व्यावसायिक राजनयिक म्हणजे स्पर्धा परीक्षेतून तरुणपणी सेवेत शिरून तृतीय सचिवाच्या पदापासून राजदूतपदापर्यंत पायरीपायरीने चढलेला अधिकारी, ज्याची नेमणूक सत्ताधाऱ्यांच्या मर्जीने झालेली नसते आणि ज्याची सेवा सरकारे बदलली तरी खंडित होत नाही. भारतीय परराष्ट्र सेवा निर्माण करण्याचा निर्णय ९ ऑक्टोबर १९४६ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीच झाला. या सेवेतील अधिकारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो तेव्हा त्याच्यापाशी तीन-साडेतीन दशकांचा असा अनुभव साठलेला असतो, ज्याचा बराचसा भाग कोणत्याही छापील पुस्तकात सापडत नाही. त्या अनुभवाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या अधिकाऱ्यापुरता नाही. विद्यापीठांनी तो आपला मानला पाहिजे, आणि ज्यांची नोकरी-व्यवसायाची वर्षे आता सुरू होत आहेत त्या स्नातकांनीही.

हा अनुभव नेमका कशाचा असतो हे समजून घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा कसा घडतो ते पाहावे. बहुपक्षीय परिषदेत, म्हणजे अनेक राष्ट्रे एकाच मसुद्यावर एकाच वेळी बोलणी करतात अशा परिषदेत, ज्या शब्दांवर एकमत झालेले नसते ते शब्द चौकोनी कंसात ठेवले जातात. वाटाघाटी पुढे सरकतात तसतसे कंस कमी होत जातात, आणि अंतिम करारात एकही कंस उरत नाही. विद्यार्थ्याच्या हाती येतो तो हा कंस नसलेला करार. कोणत्या शब्दासाठी कोणत्या राष्ट्राने रात्र जागवली, ‘करील’ या क्रियापदाच्या जागी ‘करण्याचा प्रयत्न करील’ हे शब्द कोणाच्या आग्रहाने आले, आणि त्यांच्या बदल्यात दुसऱ्या एखाद्या कलमात काय सोडून द्यावे लागले, हे त्या छापील पानावर दिसत नाही. ते त्या खोलीत बसलेल्या माणसाला ठाऊक असते. राजनयाच्या दैनंदिन व्यवहारातील इतर साधनांचीही हीच गोष्ट आहे. ‘नॉन-पेपर’ म्हणजे कोणाचेही नाव वा सही नसलेला, नाकारला गेला तरी कोणाची मानहानी होणार नाही असा प्रस्तावाचा कागद; ‘डिमार्श’ म्हणजे एका सरकारचे म्हणणे, तक्रार किंवा निषेध दूताने दुसऱ्या सरकारच्या कानावर औपचारिकपणे घालणे; आणि संवादाचा वृत्तांत म्हणजे भेटीत कोण काय बोलले, काय बोलायचे टाळले आणि कोणत्या मुद्द्यावर उत्तर पुढे ढकलले गेले याची भेट संपताच लिहिलेली नोंद. यांतले प्रत्येक साधन पाठ्यपुस्तकात एका व्याख्येत संपते. ते केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये, हे शिकायला मात्र कित्येक वर्षे लागतात.

तथापि अनुभव असणे आणि तो शिकवता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर पार करणे हेच या स्थित्यंतरातील खरे काम आहे. राजनयिकाची सारी घडण अध्यापकाच्या घडणीच्या उलट दिशेने झालेली असते. आपल्या सरकारचे म्हणणे ठामपणे मांडणे, आपला व्यक्तिगत मतभेद असलाच तर तो गोपनीय टिपणात नोंदवून थांबणे, आणि निर्णय आपल्या मताविरुद्ध गेला तरी बाहेर त्याचे समर्थन करणे, हा त्याचा सेवाधर्म असतो. वर्गात नेमके याच्या विरुद्ध अपेक्षित असते: तेथे आपल्या बाजूविरुद्धचा सर्वांत बळकट युक्तिवाद आपणच मांडावा लागतो आणि विद्यार्थ्याने तो आणखी बळकट केला तर त्याचे स्वागत करावे लागते. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’च्या पहिल्या अधिकरणात दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. निसृष्टार्थ दूताला बोलणी करण्याचा पूर्ण अधिकार असतो, परिमितार्थ दूताचा अधिकार ठरवून दिलेल्या मर्यादेतला असतो, आणि शासनहर दूत केवळ राजाचा लेख पोहोचवतो. आधुनिक काळात, जेथे तासाभरात राजधानीकडून सूचना येते तेथे, मोठ्यातला मोठा राजदूतही बहुतेक वेळा परिमितार्थच असतो. वर्गात आल्यावर त्याच्या पाठीशी कोणाचेही शासन नसते आणि कोणाची सूचनाही येणार नसते. पुरावा आणि तर्क एवढेच त्याचे स्वामी असतात. अनेक निवृत्त अधिकाऱ्यांना हे स्वातंत्र्य पेलत नाही. ते सेवेत असताना जे बोलत होते तेच वर्गात बोलत राहतात, आणि विद्यार्थ्यांच्या पदरी परराष्ट्र मंत्रालयाचे पत्रक पडते.

राजकारभारात मुरलेल्या माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात शिक्षकाची भूमिका घ्यावी, ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये फ्रांस्वा द काल्येर याने, ज्याने १६९७ च्या रिस्विक तहाच्या वाटाघाटींत भाग घेतला होता, राजांशी बोलणी कशी करावीत यावरील आपला ग्रंथ १७१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, म्हणजे १७१५-१६ च्या आसपास, करवीर राज्यात राज्यनीतीवरील ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले. परंपरेने ते रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे ओळखले जाते. त्याच्या लेखकत्वाविषयी अभ्यासकांत चर्चा झाली असली, तरी त्यामागे शिवकालापासून अनेक राजवटींचा कारभार पाहिलेल्या माणसाचा अनुभव आहे, हे त्याच्या पानापानांवरून कळते. करवीरच्या तरुण संभाजी राजांच्या काळी लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात साहुकारांविषयीचे प्रकरण आहे, आणि त्यात टोपीकर व्यापाऱ्यांना, म्हणजे इंग्रज, डच, पोर्तुगीज इत्यादींना, इतर साहुकारांसारखे मानू नये, कारण त्यांच्या व्यापारामागे राज्य उभे आहे, असा इशारा आहे. पॅरिस आणि पन्हाळा यांना परस्परांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. तरीही दोन्हीकडे एकाच सुमारास वृद्ध कारभाऱ्याला हीच गोष्ट जाणवली की आपल्याला जे कळले ते आपल्याबरोबर संपू देणे हे राज्याचे नुकसान आहे. या दोन ग्रंथांची तुलना मराठीत अद्याप व्हावी तशी झालेली नाही, आणि एखाद्या स्नातकाला प्रबंधासाठी यापेक्षा चांगला विषय मिळणे अवघड आहे.

ग्रंथलेखनाची ही परंपरा युरोपात पुढेही चालत राहिली. जपान आणि चीनमध्ये दीर्घकाळ काम करून १९०६ मध्ये निवृत्त झालेल्या अर्नेस्ट सेटो यांनी राजनयाच्या प्रथांवरील आपला मार्गदर्शक ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि सुधारित आवृत्त्यांच्या रूपाने तो शंभर वर्षांनंतरही दूतावासांत वापरला जातो. पण ग्रंथ लिहिणे वेगळे आणि आठवड्यातून दोनदा समोर बसलेल्या तरुणांच्या प्रश्नांना उत्तरे देणे वेगळे, कारण ग्रंथाला उलट प्रश्न विचारता येत नाही.

भारतात या प्रकारच्या अध्यापनाचा विचार करताना मुचकुंद दुबे यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९५७ मध्ये परराष्ट्र सेवेत आलेले दुबे बांगलादेशात भारताचे उच्चायुक्त आणि जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात भारताचे स्थायी प्रतिनिधी होते, आणि १९९० ते १९९१ या काळात परराष्ट्र सचिव, म्हणजे या सेवेचे सर्वोच्च अधिकारी होते. निवृत्तीनंतर ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेत प्राध्यापक झाले. या संस्थेचे मूळ १९५५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज या संस्थेत आहे, आणि १९७० मध्ये ती विद्यापीठात विलीन झाली; परराष्ट्र धोरणाचा अभ्यास भारतात विद्यापीठीय ज्ञानशाखा म्हणून येथेच रुजला. दुबे येथे आले तेव्हा त्यांचा विषय होता बहुपक्षीय आर्थिक संबंध, आणि काळ असा होता की त्या विषयाइतका ज्वलंत विषय देशात दुसरा नव्हता.

ते का, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. जकात व व्यापार यांविषयीचा सर्वसाधारण करार, ज्याला ‘गॅट’ म्हणतात, त्याच्या चौकटीत सप्टेंबर १९८६ मध्ये उरुग्वे फेरी सुरू झाली. त्याआधीच्या फेऱ्यांत मुख्यतः वस्तूंवरील जकात कमी करण्याची बोलणी होत. या फेरीत प्रथमच सेवा, गुंतवणूक आणि बौद्धिक संपदा, म्हणजे पेटंट, स्वामित्वहक्क यांसारखे बुद्धिजन्य मालमत्तेचे अधिकार, व्यापाराच्या करारात आणले गेले. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधांच्या बाबतीत पेटंट मिळत असे ते उत्पादनाच्या प्रक्रियेला, खुद्द उत्पादनाला नव्हे. त्यामुळे तेच औषध दुसऱ्या प्रक्रियेने बनवण्याची मुभा भारतीय उद्योगाला होती आणि औषधांच्या किमती त्यामुळे आटोक्यात राहत. नव्या करारात ही मुभा संपणार होती. डिसेंबर १९९१ मध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी सर्व विषयांचा एकत्रित मसुदा पुढे ठेवला, आणि ‘डंकेल प्रस्ताव’ हे शब्द महाराष्ट्रातील शेतकरी मेळाव्यांतही ऐकू येऊ लागले. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे करारावर सह्या झाल्या, १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, आणि भारताने २००५ मध्ये उत्पादनांनाही पेटंट देण्यासाठी आपला कायदा बदलला.

दुबे यांनी १९९६ मध्ये या साऱ्या व्यवस्थेवर ‘अनइक्वल ट्रीटी’ या शीर्षकाचा ग्रंथ लिहिला, आणि त्यात विकसनशील देशांनी काय गमावले याची कलमवार छाननी केली. हे पुस्तक निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणींचे नाही, ही त्याविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ज्या बहुपक्षीय मंचांवर त्यांनी स्वतः काम केले, त्या मंचांच्या कार्यपद्धतीचे ज्ञान त्यांनी तेथे पार्श्वभूमीला ठेवले आणि मजकूर, कलमे, पर्याय यांना पुढे आणले. ज्या सरकारची त्यांनी उभी हयात सेवा केली त्याने स्वीकारलेल्या कराराला त्यांनी असमान म्हटले. त्यांच्या निष्कर्षाशी असहमत होता येते. भारतीय औषध उद्योग २००५ नंतरही वाढतच राहिला हे पाहता त्यांच्या काही भाकितांची तपासणी करणे योग्यही ठरेल. पण कलम कसे वाचावे आणि त्या कलमाच्या मागे असलेले सामर्थ्याचे गणित कसे शोधावे, हे शिकवण्याची त्यांची रीत अनुकरणीय आहे.

त्यांच्या पुढच्या वाटचालीकडेही पाहिले पाहिजे, कारण राजनयिकाचे अध्यापन त्याला कोठवर नेऊ शकते हे तीतून दिसते. ते सामाजिक विकास परिषदेचे अध्यक्ष झाले. ही संस्था दुर्गाबाई देशमुख यांनी स्थापन केली होती, आणि त्यांचे पती चिंतामणराव देशमुख यांनी तर सनदी सेवा, रिझर्व्ह बँक आणि अर्थखाते यांच्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, म्हणून मराठी श्रोत्यांना या संस्थेचे नाव परके वाटू नये. पुढे बिहार सरकारने नेमलेल्या समान शाळा पद्धती आयोगाचे अध्यक्षपद दुबे यांच्याकडे आले. गरीब आणि श्रीमंत यांची मुले एकाच दर्जाच्या शेजारशाळेत शिकली पाहिजेत, या तत्त्वाचा कायदा आणि खर्च या दोन्ही अंगांनी विचार करणारा अहवाल या आयोगाने २००७ मध्ये सादर केला. तो राज्याने अमलात आणला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आणि ज्या बांगलादेशात ते उच्चायुक्त होते तेथील लालन फकीर यांच्या गीतांचा त्यांनी हिंदीत अनुवाद केला. जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. व्यापार करार, शाळा आणि फकिराची गीते ही तीन कामे वरकरणी दूरची वाटतात. पण दुर्बळ पक्षाचे म्हणणे नीट ऐकून ते सबळ पक्षाला कळेल अशा भाषेत मांडणे हे कसब तिन्ही ठिकाणी एकच आहे, आणि ते वाटाघाटींच्या टेबलावर कमावलेले आहे.

के. आर. नारायणन यांचे उदाहरण निराळ्या जातीचे आहे. त्यांनी परराष्ट्र सेवेत असतानाच १९५० च्या दशकात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये काही काळ शिकवले होते. १९७६ मध्ये, सुमारे दीड दशकाच्या खंडानंतर, भारताने चीनमध्ये पुन्हा राजदूत पाठवला तेव्हा ती जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली, आणि १९७८ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावर पुढल्याच वर्षी ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९८० मध्ये त्यांना पुन्हा राजदूत म्हणून अमेरिकेत पाठवले गेले, त्यामुळे विद्यापीठातील त्यांचा काळ अल्पच राहिला. आणीबाणीनंतरच्या अस्वस्थ वर्षांत अशा विद्यापीठाचा कारभार पाहणे, जेथे विद्यार्थी दरवाजा अडवून उभे राहतात आणि त्यांच्याशी बोलणी करावी लागतात, हाही एक प्रकारचा राजनयच होता.

अमेरिकेत निवृत्त राजनयिकांनी शिकवण्याची प्रथा अधिक रुजलेली आहे, आणि तिचे गुण व धोके दोन्ही चार्ल्स हिल यांच्या चरित्रात एकत्र दिसतात. हाँगकाँगमधून चीनच्या घडामोडींवर लक्ष ठेवणारा, पुढे सायगावमध्ये काम केलेला हा अधिकारी १९८० च्या दशकात परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांचा निकटचा सहायक होता. बैठकीत बसून सतत टिपणे घेणे हे त्यांचे मुख्य काम, आणि ते इतके बारकाईने होत असे की शुल्ट्झ यांच्या विस्तृत आत्मवृत्तालाही त्या टिपणांचा आधार मिळाला. निवृत्तीनंतर येल विद्यापीठात त्यांनी जॉन लुइस गॅडिस आणि पॉल केनेडी या इतिहासकारांबरोबर ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ हा अभ्यासक्रम चालवला. त्याला मराठीत महाधोरणाचा अभ्यास म्हणता येईल, म्हणजे राष्ट्राची दूरची उद्दिष्टे आणि हाती असलेली मर्यादित साधने यांची सांगड घालण्याचा विचार. या अभ्यासक्रमात विद्यार्थी प्राचीन इतिहासकारांपासून आधुनिक राज्यकर्त्यांपर्यंतचे ग्रंथ वाचत, आणि हिल यांचा विशेष आग्रह असा की राज्यकारभार समजण्यासाठी महाकाव्ये, नाटके आणि कादंबऱ्या वाचल्याच पाहिजेत. कारण राज्यकर्त्याला अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो, आणि अपुऱ्या माहितीवर घेतलेल्या निर्णयाचा माणसावर काय परिणाम होतो हे साहित्याइतके दुसरीकडे कोठेही नोंदलेले नाही. २०१० मध्ये त्यांनी या विचारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. महाभारतातील उद्योगपर्व, ज्यात संजय, श्रीकृष्ण आणि उलूक असे वेगवेगळ्या अधिकाराचे दूत एकामागोमाग येतात, ज्या समाजाच्या घरोघरी ठाऊक आहे, त्या समाजातील राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात ते अपवादानेच वाचले जाते, ही उणीव येथे नोंदवणे भाग आहे.

धोका निराळा आहे. सत्तेच्या दालनातून आलेल्या माणसाभोवती तरुणांच्या मनात वलय तयार होते, आणि वलय असलेल्या शिक्षकाला प्रश्न विचारले जात नाहीत. हिल यांच्या बाबतीत सुदैवाने ते घडले नाही. मॉली वर्दन या त्यांच्या विद्यार्थिनीने त्यांचे चरित्र लिहिले, आणि भक्तीने सुरू झालेला तो शोध टीकेपर्यंत नेला. इराणला शस्त्रे विकून मिळालेला पैसा निकाराग्वातील बंडखोरांकडे वळवण्याच्या ज्या प्रकरणाची अमेरिकेत मोठी चौकशी झाली, त्या चौकशीत हिल यांच्या टिपणवह्यांना पुरावा म्हणून महत्त्व आले होते, याचीही छाननी त्यात आहे. शिष्याने गुरूच्या नोंदी तपासाव्यात, आणि ज्याने आयुष्यभर इतरांच्या बोलण्याची नोंद ठेवली त्याच्याही वागणुकीची नोंद घ्यावी, हे विद्यापीठातच शक्य असते.

अनुभवाला ज्ञानाचे रूप कसे द्यावे, याचा भारतातील एक चांगला नमुना शिवशंकर मेनन यांच्या २०१६ च्या ‘चॉइसेस’ या ग्रंथात आहे. परराष्ट्र सचिव आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार राहिलेले मेनन पुढे अशोका विद्यापीठात अध्यापन करू लागले. त्यांनी आपल्या कारकिर्दीतील पाच निर्णय निवडले, ज्यांत चीनबरोबरचा १९९३ चा सीमेवरील शांततेचा करार आणि अमेरिकेबरोबरचा अणुकरार यांचा समावेश आहे, आणि प्रत्येक निर्णयाच्या वेळी समोर कोणते पर्याय होते, कोणता स्वीकारला आणि बाकीचे का सोडले, असा विचार मांडला. यांपैकी एक निर्णय महाराष्ट्राच्या जिव्हारी लागलेल्या घटनेचा आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर झालेल्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले, तेव्हा मेनन परराष्ट्र सचिव होते, आणि भारताने उघड लष्करी प्रत्युत्तर द्यावे असे त्यांचे त्या वेळचे मत होते. सरकारने तसे केले नाही. पुढे शांतपणे विचार केल्यावर तो संयम त्या परिस्थितीत योग्य होता, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. हे प्रकरण वर्गात ठेवले की चर्चा आपोआप पेटते, आणि पेटलीच पाहिजे, कारण त्यानंतरच्या वर्षांत भारताने वेगळे मार्गही निवडले आहेत. सत्तेत असताना आपण काय म्हटले आणि नंतर काय वाटले, हे दोन्ही मांडणारा अधिकारी विद्यार्थ्याच्या हाती विचार करण्याची साधनसामग्री देतो. चीनच्या वाटाघाटींच्या पद्धतीवर निवृत्त राजनयिक विजय गोखले यांनी २०२१ मध्ये लिहिलेला ग्रंथही याच वाटेवरचा आहे: त्यात १९५० च्या सुमारास चीनला दिलेल्या मान्यतेपासून पुढची सहा प्रकरणे घेऊन चिनी बाजू बोलणी कशी लांबवते, शब्द कसे राखून ठेवते, याचे विश्लेषण आहे. निवृत्त राजदूत राजेंद्र अभ्यंकर यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात राजनय शिकवला, ही मराठी समाजाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

येथे एक रास्त शंका उभी राहते. ज्या माहितीवर शासकीय गोपनीयता कायदा, १९२३ चे बंधन आहे ती माहिती असलेला माणूस वर्गात नेमके काय सांगू शकतो? बरेच काही सांगू शकतो. गुपित असतो तो विशिष्ट तपशील. निर्णय कसा घडतो, मंत्रालयांमध्ये मतभेद कसे मिटतात, अपुऱ्या वेळेत टिपण कसे लिहावे, यांत गुपित काही नाही. शिवाय १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने जुन्या कागदपत्रांचे जतन आणि अभिलेखागाराकडे हस्तांतर यांची व्यवस्था घालून दिली आहे, आणि साधारणतः पंचवीस वर्षांनंतर कागद अभ्यासकांसाठी खुले व्हावेत अशी अपेक्षा आहे. ती अपेक्षा पूर्ण होण्यात होणारी दिरंगाई हा भारतीय परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासातील सर्वांत मोठा अडसर आहे. स्मृती फसवी असते, आणि ती प्रत्येकाला स्वतःच्या सोयीने फसवते. म्हणून निवृत्त राजदूताचे कथन कागदाशी ताडून पाहता आले पाहिजे, आणि असा कागद खुला व्हावा यासाठी सर्वांत प्रभावी आग्रह त्या राजदूतानेच धरला पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. या पदासाठी पीएच.डी.ची अट नाही. आपल्या क्षेत्रातील किमान पंधरा वर्षांचा अनुभव पुरेसा आहे, अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत करता येतात, आणि एका व्यक्तीची नेमणूक कमाल चार वर्षांची असते. ही सोय चांगली आहे, परंतु तिचा उपयोग अनेक ठिकाणी वर्षातून दोन व्याख्याने आणि सत्कार एवढ्यावरच थांबण्याची भीती आहे. निवृत्त राजनयिकाला बोलावायचे तर त्याच्याकडून पूर्ण सत्राचा अभ्यासक्रम, विद्यार्थ्यांच्या लेखनाची तपासणी आणि अभिरूप वाटाघाटी यांची मागणी केली पाहिजे. अभिरूप वाटाघाटी म्हणजे वर्गाचे वेगवेगळ्या राष्ट्रांच्या शिष्टमंडळांत विभाजन करून प्रत्येकाला वेगळे सूचनापत्र देणे आणि ठरलेल्या वेळेत एका मसुद्यावर बोलणी करायला लावणे. नदीच्या पाण्याच्या वाटपाचा प्रश्न घ्यावा; एका शिष्टमंडळाच्या सूचनापत्रात काय आहे हे दुसऱ्याला ठाऊक नसावे; दोन दिवसांनी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या काल्पनिक राजधानीला एका पानाचा वृत्तांत लिहावा; आणि राजदूताने गुण द्यावेत ते त्या वृत्तांताला, वाटाघाटीत कोण जिंकले याला नव्हे. आपल्या बाजूने झालेली चूक त्या पानात लपवली आहे की नोंदवली आहे, हे अनुभवी डोळ्याला लगेच कळते. हे शिक्षण परराष्ट्र सेवेत जाणाऱ्यापुरते नाही. कामगार संघटना, जिल्हा परिषद, सहकारी संस्था किंवा न्यायालय, कोठेही जाणाऱ्या स्नातकाला त्याचा उपयोग आहे.

महाराष्ट्रातील विद्यापीठांना या बाबतीत एक विशेष संधी आहे, आणि ती आजवर दुर्लक्षित राहिली आहे. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील दिल्लीपासून हैदराबादपर्यंतच्या दरबारांत राहत असत, आणि वकील म्हणजे त्या काळचा निवासी दूत. दिल्लीत ही जबाबदारी सांभाळणाऱ्या हिंगणे घराण्याची पत्रे ‘हिंगणे दप्तर’ या नावाने भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केली आहेत. दुसऱ्या बाजूला १७८६ पासून पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून चार्ल्स मॅलेट राहू लागला, आणि त्याचा व त्याच्यानंतरच्या रेसिडेंटांचा पत्रव्यवहार जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली खंडशः छापला गेला. सरदेसाई हे स्वतः बडोदे संस्थानच्या सेवेतून १९२५ मध्ये निवृत्त झालेले गृहस्थ. त्यानंतर, १९३० ते १९३४ या काळात, त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. एकाच वाटाघाटीविषयी दोन्ही पक्षांनी आपापल्या राजधानीला काय लिहिले, हे शेजारी ठेवून वाचता येईल अशी सामग्री मराठी अभ्यासकाच्या हाती आहे. इतिहासाचा प्राध्यापक त्या पत्रांतील मोडी आणि संदर्भ उलगडू शकतो. पण वकिलाने अमुक वाक्य संदिग्ध का ठेवले, वाईट बातमी पत्राच्या शेवटी का लिहिली, खर्चाची तक्रार आणि राजकीय इशारा एकाच पत्रात का गुंफला, हे ज्याने तीस वर्षे अशीच पत्रे लिहिली आहेत त्याला चटकन उमगते. पुण्यात किंवा कोल्हापुरात इतिहासाचा प्राध्यापक आणि निवृत्त राजदूत यांनी मिळून असा एक वर्ग चालवला, तर त्यातून मराठी राज्याच्या राजनयाचे जे चित्र तयार होईल ते सनावळ्यांनी भरलेल्या इतिहासापेक्षा फार जिवंत असेल.

पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्नातकांपुढे म्हणून दोन विनंत्या ठेवणे उचित ठरेल. त्यांच्यापैकी जे पुढे शिकतील त्यांनी आपल्या विद्यापीठाकडे अशा अध्यापकांची आणि अशा वर्गाची मागणी करावी, आणि असा अध्यापक वर्गात आला की त्याच्या पदाकडे न पाहता त्याला पुरावा मागावा. त्या अध्यापकालाही हेच हवे असते, कारण आयुष्यभर त्याला सलाम पुष्कळ मिळालेले असतात आणि खरे प्रश्न फार थोडे. आणि जे आता नोकरी, व्यवसाय, शेती किंवा सार्वजनिक कामात उतरतील त्यांनी पहिल्या दिवसापासून आपल्या कामाची प्रामाणिक नोंद ठेवावी, त्यात आपल्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही लिहाव्यात, आणि काम संपल्यावर ती वही घेऊन एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात शिकवायला यावे.